ठोकळ्यांची रचना थोर कशामुळे ठरते?

रेखाटन (धागाकर्ती)

लेगोच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून उभ्या राहिलेल्या एखाद्या भव्य रचनेची बातमी आली की पहिल्याच वाक्यात ठोकळ्यांची संख्या दिलेली असते, आणि बहुतेकदा बातमी तिथेच संपते. २०१३ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मांडलेल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील एक्स-विंग यानाच्या पूर्णाकृती प्रतिकृतीला ५३,३५,२०० ठोकळे लागले, एवढे सर्वांच्या लक्षात राहिले. आतला पोलादी सांगाडा आणि बाहेरचे ठोकळ्यांचे कवच यांचा मेळ कसा घातला असेल, हा खरा कुतूहलाचा विषय मात्र मागेच पडला. संख्येवरून खर्च आणि मनुष्यबळ कळते. रचनाकाराची बुद्धी जोखायची तर सांधा पाहावा लागतो, असे माझे ठाम मत आहे आणि तेच मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

लेगोच्या ठोकळ्याची मापे एकदा नीट पाहावीत. वरच्या गोल उंचवट्यांना स्टड म्हणतात. शेजारच्या दोन स्टडच्या केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर असते, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, उंची तिच्या एकतृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. पाच प्लेट एकावर एक रचल्या की उंची १६ मिलिमीटर होते, आणि दोन स्टडची रुंदीही नेमकी तेवढीच भरते. उंची आणि रुंदी यांची गाठ पहिल्यांदा पडते ती इथे, आणि हे एकदा ध्यानात आले की ठोकळा कुशीवर किंवा उलटा वळवूनही रचनेत चपखल बसवता येतो. स्टडची दिशा अशी बदलून केलेल्या बांधकामाला चाहते 'स्नॉट' म्हणतात, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक उत्तम रचनेचा पाया हाच आहे.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मुठीत मावणारे आहे. ब्रूस लोवेल यांनी २००२ च्या सुमारास एक गोल तयार केला, ज्याचा व्यास ६.८ स्टड, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर आहे. मधोमध सहाही दिशांना स्टड असलेला घनाकृती गाभा असतो आणि त्याच्या सहा बाजूंवर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे सहा सारखे तुकडे बसवलेले असतात. काटकोनाशिवाय दुसरा कोन न जाणणाऱ्या वस्तूंतून चेंडू निर्माण होतो, आणि त्यासाठी एकही खास भाग लागत नाही. लोवेल यांनी ही युक्ती स्वतःजवळ ठेवली नाही. पुढे इतरांनी तिच्यावरून मोठे गोल बांधण्यासाठी गणिते केली, त्यांसाठी संगणक-प्रणाली लिहिल्या, आणि आज तो गोल 'लोवेल गोल' याच नावाने ओळखला जातो. रचनाकाराचे नाव युक्तीला चिकटून राहते आणि युक्ती मात्र सर्वांची होते, ही या समाजाची रीत मला फार मोलाची वाटते.

थोडे मागे जाऊन सांगायला हवे, कारण हे सारे एका सांध्यावर उभे आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी सुतारकाम करणाऱ्या ओले कर्क ख्रिश्चनसेन यांनी १९३२ साली खेळणी करायला सुरुवात केली. १९४९ पासून त्यांची ही लेगो कंपनी प्लॅस्टिकचे ठोकळे विकू लागली. त्यांची कल्पना ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांच्या ठोकळ्यांवरून घेतलेली होती. ते ठोकळे आतून पोकळ होते आणि त्यांची पकड कच्ची होती. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले कर्क यांचे पुत्र गॉडफ्रेड यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला तिच्यात पोकळीत नळ्या बसवलेल्या होत्या, आणि त्या नळ्यांमुळे वरच्या ठोकळ्याने खालच्याला कितीतरी वेगवेगळ्या जागी घट्ट धरणे शक्य झाले. आठ स्टडचे दोन सारखे ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, तीन ठोकळे १,५६० प्रकारे, आणि सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे. हा शेवटचा आकडा कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांच्या कामातून मिळाला. कंपनी पूर्वी १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत असे. त्यात सहा थरांचे मनोरे तेवढे मोजलेले होते.

मोठ्या रचनांविषयी मला आकस नाही. २०१८ मध्ये लेगोच्या टेक्निक या यांत्रिक भागांच्या मालिकेतून साकारलेली पूर्णाकृती बुगाटी शिरॉन ही कार मी मोठ्या कामांत फार वरच्या जागी ठेवीन. तिच्यात १० लाखांहून अधिक भाग आणि खेळण्यांत वापरतात तशा २,३०४ छोट्या विद्युत-मोटर होत्या, वजन सुमारे दीड टन होते, गोंद वापरलेला नव्हता, आणि तरीही ती चालकाला घेऊन ताशी २० किलोमीटरहून अधिक वेगाने धावली. एवढ्या सगळ्या मोटरची ताकद एका आसावर आणायची आणि प्लॅस्टिकचे दंतचक्र तुटू द्यायचे नाही, हा प्रश्न नुसत्या संख्येने सुटत नाही.

आपल्या दृष्टीने थोर रचना कोणती आणि का, हे सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे. गोंद, कापाकापी आणि रंगकाम यांविषयीही मते वाचायला आवडतील.

सांधेकरी

उत्तम धागा. गोंदाच्या प्रश्नावर दोन बाजू आहेत आणि दोन्ही मला पटतात. नेथन सवाया यांनी न्यूयॉर्कमधील वकिली सोडून पूर्णवेळ ठोकळ्यांची शिल्पे करायला घेतली. २००७ पासून त्यांची प्रदर्शने भरत आहेत आणि ते प्रत्येक ठोकळा चिकटवतात. जे शिल्प पेट्यांत भरून देशोदेशी न्यायचे आहे आणि लोकांच्या गर्दीत ठेवायचे आहे त्याला ते आवश्यकच आहे. छातीचा पिंजरा दोन्ही हातांनी उघडणारी त्यांची पिवळी मानवाकृती आणि तिच्यातून ओसंडणारे सुटे ठोकळे पाहताना सांध्यांचा विचारही मनात येत नाही. चाहत्यांच्या संमेलनात मात्र गोंद लावलेली रचना कोणी आणली तर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, कारण तिथे लोक रचना उचलून, वाकून, आतून पाहतात, आणि 'हे सुटते कसे' हाच पहिला प्रश्न असतो.

यापेक्षा अधिक बारीक असा एक वाद आहे आणि तो मला या छंदाचा गाभा वाटतो. शेजारच्या दोन स्टडमध्ये उभी प्लेट खुपसता येते. गणित अगदी बरोबर जुळते: केंद्रांतील अंतर ८ मिलिमीटर, स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर, म्हणजे मधली फट ३.२ मिलिमीटर, आणि प्लेटही ३.२ मिलिमीटरची. कागदावर जुळणारे हे माप हातात घेतल्यावर मात्र अडते, कारण प्लेट त्या फटीत बसताना दोन्ही बाजूंच्या स्टडवर ताण येतो आणि तसेच ठेवले तर भाग कायमचा बिघडू शकतो. जेमी बेरार्ड हे आधी चाहते होते आणि नंतर कंपनीत रचनाकार झाले. २००६ मध्ये त्यांनी अशा 'नियमबाह्य' जोडण्यांविषयी चाहत्यांपुढे एक सविस्तर सादरीकरण केले आणि कोणती जोडणी भागांवर ताण आणते, कोणती आणत नाही, हे उदाहरणांनिशी दाखवले. ते सादरीकरण आजही लोक एकमेकांना वाचायला सांगतात. आपल्या घरातल्या रचनेत कोणी काय करावे यावर कोणाचे बंधन नाही, तरीही शेकडो लोक हे नियम आनंदाने पाळतात, कारण भाग निरोगी राहिला पाहिजे आणि उद्या दुसऱ्या रचनेत वापरता आला पाहिजे, ही भावना त्यामागे आहे.

निलाक्षी

मी चित्रकलेच्या बाजूने पाहते, त्यामुळे माझे उत्तर थोडे वेगळे आहे. टोरांटोमध्ये काम करणारे एकोव निमाको हे घानाई वंशाचे कलावंत फक्त काळे ठोकळे वापरतात. रंगाचा आधार काढून घेतला की उरतात ते पृष्ठभाग: गुळगुळीत टाइल, स्टडची खडबडीत रांग, बिजागऱ्यांच्या कडा, पात्यांसारखे निमुळते भाग. प्रकाश प्रत्येकावर वेगळा पडतो आणि काळ्यातच अनेक छटा उमटतात. पश्चिम आफ्रिकेतील प्राचीन घाना साम्राज्याच्या राजधानीचे हजार वर्षांनंतरचे कल्पित रूप त्यांनी २०१९ मध्ये टोरांटोच्या आगा खान संग्रहालयासाठी उभारले, आणि त्यासाठी सुमारे १ लाख काळे भाग लागले. धागाकर्तीच्या कसोटीवर हे काम उतरते की नाही याची मला चिंता वाटत नाही, कारण इथे सांध्याइतकाच पृष्ठभागही बोलतो.

दुसरे उदाहरण जपानच्या जुम्पेई मित्सुई यांचे. जपानी चित्रकार होकुसाई यांच्या लाटेच्या प्रसिद्ध चित्राचे त्रिमितीय रूप त्यांनी सुमारे ५०,००० ठोकळ्यांत घडवले. सपाट चित्रात लाटेची मागची बाजू नसतेच. ती त्यांना लाटांच्या हालचालीचा अभ्यास करून ठरवावी लागली. फेसाची बोटे जिथे वळतात तिथे पांढऱ्या ठोकळ्यांच्या पायऱ्या इतक्या लहान होत जातात की दुरून त्या पायऱ्या वाटतच नाहीत.

नवखा_वाचक

संगणकावरच केलेल्या रचना आपण या चर्चेत धरता का? मी अनेक सुंदर चित्रे पाहतो आणि नंतर कळते की त्यांतला एकही ठोकळा प्रत्यक्षात जोडलेला नाही.

तिरकस_प्लेट

नवखा_वाचक यांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की धरावे, पण तसे स्पष्ट लिहून. संगणकावर गुरुत्वाकर्षण नाही, भागांचा तुटवडा नाही, आणि एखादा भाग त्या रंगात कधी निघालाच नसला तरी तो पडद्यावर उमटतो. लांबलचक पंख स्वतःच्या वजनाने झुकणार की नाही, हे प्रत्यक्ष बांधल्याशिवाय कळत नाही.

तरीही संगणकाचे ऋण मोठे आहे आणि ते एका व्यक्तीपासून सुरू होते. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये संगणकावर ठोकळ्यांच्या रचना रेखाटण्याची एलड्रॉ ही प्रणाली लिहिली. तिचे मूळ एकक ०.४ मिलिमीटरचे आहे. त्यामुळे स्टडचे अंतर २०, ठोकळ्याची उंची २४ आणि प्लेटची उंची ८ अशी सगळी मापे पूर्णांकांत येतात. किती सुंदर निवड आहे ही! १९९७ मध्ये जेसिमन यांचे निधन झाले. एखाद्याचे खासगी काम असते तर तिथेच थांबले असते, परंतु स्वयंसेवकांनी भागांचे ग्रंथालय पुढे वाढवत नेले, नवा भाग बाजारात आला की कोणीतरी त्याची मापे घेऊन तो रेखाटतो, दुसरा तपासतो, आणि मगच तो अधिकृत यादीत जातो. आज लोकप्रिय असलेली स्टुडिओ ही प्रणालीसुद्धा तीच फाइल-पद्धत वाचते. जेसिमन यांच्या नावाने या क्षेत्रातील योगदानाबद्दल पुरस्कारही देण्यात आले आहेत.

गतिमान

स्थिर रचनांविषयी बरेच लिहून झाले. मी हलणाऱ्या रचनांविषयी लिहितो, कारण चाहत्यांची संस्कृती समजून घ्यायला त्यांच्याइतके चांगले दुसरे दार नाही. 'ग्रेट बॉल काँट्रॅप्शन' म्हणजे चेंडू एका यंत्राकडून दुसऱ्याकडे देत नेणारी लांबच लांब साखळी. प्रत्येक यंत्र वेगळ्या माणसाने, वेगळ्या घरी, बाकीच्यांशी एक शब्दही न बोलता बांधलेले असू शकते. संमेलनात टेबलांवर ती एकापुढे एक ठेवली जातात आणि चेंडू फिरू लागतात. हे जमते ते मोजक्या नियमांमुळे: चेंडू आत घेण्याच्या टोपलीची जागा आणि उंची ठरलेली, सरासरी वेग सेकंदाला एक चेंडू, आणि गठ्ठ्याने द्यायचे तर एका वेळी ३० पेक्षा अधिक नाहीत. मधल्या भागात काय करायचे याला कसलेही बंधन नाही. हे नियम रुजवण्यात अमेरिकेच्या स्टीव्ह हॅसनप्लग यांचा मोठा वाटा आहे.

अकियुकी या नावाने काम करणाऱ्या जपानी रचनाकाराची यंत्रे ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी अवश्य पाहावीत. जेमतेम १४ मिलिमीटरचा चेंडू एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे टाकला जातो, गोल फिरणाऱ्या पाळण्यांतून उचलला जातो, आणि हे सारे तासन्‌तास न अडखळता चालते. इथे आपल्या धाग्याच्या विषयाला मी एक भर घालीन. हलत्या रचनेचा कस तिच्या कल्पनेत जितका असतो तितकाच तिच्या टिकण्यात असतो. हजारातला एक चेंडू अडकला तर चालेल असे वाटते, पण सेकंदाला एक या वेगाने हजार चेंडू सुमारे सतरा मिनिटांत जातात, म्हणजे दर सतरा मिनिटांनी कोणाला तरी हात घालावा लागेल आणि मागची सगळी साखळी तुंबेल. म्हणून अनुभवी लोक दिखाऊ हालचालीआधी चेंडूंची रांग सुटसुटीत कशी राहील, दोन चेंडू एकाच तोंडाशी येऊन अडले तर त्यांना हलवणारा दांडा कुठे बसवायचा, याचाच विचार अधिक करतात. हा दांडा प्रेक्षकांना दिसतही नाही. मला मात्र यंत्र पाहताना आधी तोच शोधावासा वाटतो.

सांधेकरी

हॅसनप्लग यांचे नाव निघालेच आहे तर कंपनी आणि चाहते यांच्या नात्याविषयीही लिहितो. १९९८ मध्ये माइंडस्टॉर्म्स हा प्रोग्रॅम करता येणारा ठोकळा आला आणि काही आठवड्यांतच केकोआ प्राउडफूट या विद्यार्थ्याने त्याचे अंतरंग उलगडून सर्वांसमोर ठेवले. मार्कस नोगा यांनी तर त्यासाठी वेगळी कार्यप्रणालीच लिहिली. कंपनीला न्यायालयात जाता आले असते. तिने उलट परवानगीची वाट धरली, आणि २००६ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीच्या घडणीत चार चाहत्यांना आधीपासून सामील करून घेतले. हॅसनप्लग त्यांपैकी एक होते.

नाते नेहमीच इतके गोड नव्हते. २००४ मध्ये जुन्या करड्या रंगाच्या जागी निळसर झाक असलेला करडा आला. बाहेरच्या माणसाला फरक सांगूनही कळणार नाही, परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे करडे किल्ले आणि अंतराळयाने जमवली होती त्यांच्या भिंतीवर नवा ठोकळा डागासारखा दिसू लागला. चाहत्यांचा संताप खरा होता आणि योग्यही होता, कारण जुना ठोकळा नव्याशी जुळलाच पाहिजे हे वचन फक्त मापापुरते नसते. पुढच्या वर्षी चाहत्यांच्या गटांशी नियमित बोलण्यासाठी प्रतिनिधींची व्यवस्था सुरू झाली.

चिनी कलावंत आय वेवे यांचे प्रकरणही इथे नोंदवायला हवे. २०१५ मध्ये मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी त्यांनी मागितलेले ठोकळे कंपनीने राजकीय वापराचे कारण देऊन घाऊक विकायला नकार दिला. त्यानंतर अनेक शहरांत लोकांनी उभ्या केलेल्या मोटारींच्या उघड्या छतांतून आपल्या घरचे ठोकळे त्यांना दिले. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने घाऊक खरेदीदाराला हेतू विचारणे थांबवले. मला त्यात कलेपेक्षाही लोकांची कृती अधिक थोर वाटते.

स्वरदा

अजून एका बाजूचा उल्लेख झालेला नाही. अँडोराच्या डेव्हिड अगिलार यांचा उजवा हात जन्मतः कोपरापुढे वाढलेला नव्हता. नवव्या वर्षी त्यांनी ठोकळ्यांचा पहिला हात करून पाहिला, आणि पुढे २०१७ मध्ये टेक्निकच्या हेलिकॉप्टर-संचातील भागांतून वाकणारा, पकडणारा, वजन पेलणारा हात स्वतःसाठी तयार केला. कॅलिफोर्नियातील शुभम बॅनर्जी या मुलाने २०१४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, माइंडस्टॉर्म्सच्या संचातून ब्रेल लिपीच्या छपाई-यंत्राचा नमुना केला.

अंध रचनाकारांविषयी तर सविस्तर लिहायला हवे. चित्रांतून सांगितलेली बांधणीची कृती अंध व्यक्तीला निरुपयोगी असते. मॅथ्यू शिफ्रिन यांच्यासाठी त्यांच्या स्नेही लिल्या फिंकेल यांनी एक संपूर्ण संच शब्दांत लिहून दिला: कोणता भाग, कोणत्या दिशेला, मागच्या भागाच्या कोणत्या कडेला लागून. फिंकेल यांचे २०१७ मध्ये निधन झाले. शिफ्रिन यांनी ते काम पुढे नेले, आणि २०१९ मध्ये कंपनीने ध्वनी व ब्रेल स्वरूपातील कृती उपलब्ध करून द्यायला सुरुवात केली. ब्रेल ठोकळेही त्याच सुमारास आले. आठ स्टडच्या ठोकळ्यावर ब्रेलचे दोन स्तंभ आणि तीन ओळी बसवल्या की खाली दोन स्टडची जागा उरते, आणि तिथे तेच अक्षर डोळसांसाठी छापलेले असते. पाहणारे आणि न पाहणारे मूल एकच ठोकळा हातात घेऊन शेजारी बसून वाचू शकतात. नळीच्या सांध्याइतकाच हा शोध मला मूलभूत वाटतो.

नवखा_वाचक

सर्वांचे आभार. दुसऱ्याची रचना पाहून तशीच बांधली तर ते चालते का? आणि कंपनीच्या 'आयडियाज' उपक्रमाविषयीही कोणी सांगावे.

रेखाटन (धागाकर्ती)

बांधून शिकायला कोणाचीच हरकत नसते. बहुतेक सगळे तसेच शिकलेले आहेत. छायाचित्र प्रसिद्ध करताना मूळ रचनाकाराचे नाव लिहावे, त्यात आपण काय बदलले ते सांगावे, आणि कोणी आपली बांधणीची कृती विकत असेल तर तिच्या प्रती वाटू नयेत, एवढी अपेक्षा असते. शेवटचा मुद्दा कायद्याच्याही कक्षेत येतो, परंतु पहिले दोन केवळ परस्परांच्या आदरावर चालतात.

आयडियाजची सुरुवात २००८ मध्ये जपानमध्ये झाली, २०११ मध्ये तो उपक्रम जगभर खुला झाला आणि २०१४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. चाहत्याने आपली रचना मांडायची, तिला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, आणि संच निघाला तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. नासामधील स्त्री शास्त्रज्ञांचा माया वाइनस्टॉक यांचा संच २०१७ मध्ये याच वाटेने आला. त्याच वर्षीच्या सॅटर्न ५ अग्निबाणात बरोबर १,९६९ भाग आहेत. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षाची ती आठवण आहे. माझी एक तक्रार आहे: पाठिंबा गोळा करण्याच्या या पद्धतीत ओळखीच्या मालिकांची आणि चित्रपटांची पात्रे सहज पुढे जातात, आणि अमूर्त, पण रचनेच्या दृष्टीने श्रेष्ठ अशी कामे मागे राहतात.

स्वरदा आणि गतिमान यांच्या प्रतिसादांमुळे माझी कसोटी मला रुंद करावीशी वाटते. सांधा हा ठोकळ्या-ठोकळ्यांतला असतो, तसा तो यंत्रा-यंत्रांतलाही असतो आणि ठोकळा व बोट यांच्यातलाही असतो. निलाक्षी यांच्या मुद्द्याशी मात्र माझा थोडा मतभेद कायम आहे, कारण निमाको यांच्या काळ्या पृष्ठभागात त्या छटा उमटतात त्यासुद्धा भाग वेगवेगळ्या दिशांना वळवून बसवल्यामुळेच.

निलाक्षी

तो मतभेद राहू द्यावा. पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी एवढाच तो आहे. प्रदर्शन भरवणाऱ्यांना मात्र माझे एक सांगणे आहे. रचनेशेजारच्या फलकावर भागांची संख्या आणि लागलेले तास लिहिलेले असतात. त्याऐवजी आत आधार कशाचा आहे, गोंद आहे की नाही, स्टड किती दिशांना वळवले आहेत आणि युक्ती मुळात कोणाची, या चार गोष्टी लिहाव्यात, आणि शक्य तिथे एक सांधा उघडा करून रचनेशेजारी ठेवावा.

तिरकस_प्लेट

पूर्ण सहमत. उघडा सांधा ठेवताना तो वेगळ्या रंगांच्या भागांतून बांधावा, म्हणजे एकरंगी रचनेत न दिसणाऱ्या जोडण्या लहान मुलालाही ओळखता येतील.